काट्यावरची चांदी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काकू, कॅन्सर हॉस्पिटलात इतकी वर्षं काढलीत, काहीतरी लिहा. फक्त रडवू नका." मी म्हटलं, "अहो, मी तिथे लोकांना जेवायला घालत होते. रडवायचं खातं दुसरं होतं." ते हसले, शब्दमर्यादा सांगितली आणि गेले. शब्दमर्यादा मी पाळीन असं वाटत नाही.

मी मूळची अमरावतीची. यजमान रेल्वेत. बदली होऊन जयपूरला आलो, पुढची बदली येईल येईल म्हणत मुलं मोठी झाली, आणि शेवटी मुरलीपुऱ्यात घर बांधून टाकलं. आता माझी नात "आजी, मतलब काय झालं सांगू का" असं मराठी बोलते, आणि मीही तिला टोकायचं सोडून दिलंय.

हॉस्पिटलात माझ्या दारावर आहारतज्ज्ञ अशी पाटी होती, हिंदीतही आणि इंग्रजीतही. ती कुणी वाचली नाही. पेशंटांत माझं नाव होतं 'खानेवाली मैडम'. वॉर्डबॉय नव्या माणसाला सांगायचा, "डॉक्टर साहब के बाद खानेवाली मैडम को दिखा लो." सुरुवातीला मला राग यायचा. पुढे लक्षात आलं की नावात काही चूक नाही.

बाहेरच्यांना वाटतं, आहारतज्ज्ञ म्हणजे हे खाऊ नका, ते खाऊ नका सांगणारी बाई. इतर हॉस्पिटलांत असेलही तसं. आमच्याकडे उलटं. केमोचं औषध चालू झालं की तोंडाची चव जाते, फोड येतात, पोळीचा वाससुद्धा नकोसा होतो. अशा माणसाच्या पोटात काहीही करून अन्न घालायचं हे माझं काम. मी "तूप घ्या" म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघत, बाई खरंच शिकलेली आहे ना म्हणून. वजन घटलं की केमो झेपत नाही, केमो पुढे ढकलावा लागतो, आणि ढकललेल्या वेळेत रोग काही स्वस्थ बसत नाही. म्हणून प्रत्येक केमोच्या आधी पेशंट माझ्या दारातल्या वजनकाट्यावर उभा राहायचा. औषधाची मात्रासुद्धा उंची आणि वजनावरूनच ठरते. माझी सगळी मास्तरकी त्या काट्यावर चालायची.

फॅडं दर दोन-तीन वर्षांनी बदलत. बस्सीचे एक हेडमास्तर नुसत्या कारल्याच्या रसावर राहिले होते, का तर म्हणे कॅन्सर कडू गोष्टीला घाबरतो. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "साले साहब ने." मी मेव्हण्याला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर ग्लासभर रस प्यायला लावला. अर्ध्यातच त्याचे डोळे पांढरे झाले. दुसऱ्या दिवसापासून मास्तर दलिया खायला लागले. मग साखर बंद करण्याची लाट आली, मग गव्हांकुरांची. या सगळ्यांशी मी भांडू शकत होते. ज्या लाटेशी भांडताना माझी पंचाईत झाली, तिच्यामागे खरं विज्ञान होतं.

ती लाट म्हणजे ऑटोफॅजी. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे: स्वतःच स्वतःला खाणं. आपल्या प्रत्येक पेशीत जुने, मोडके, खराब झालेले भाग साठत असतात. पेशी ते भाग एका पिशवीत गुंडाळते, विरघळवते आणि निघालेल्या मालातून नवं काहीतरी करते. आई जुन्या लुगड्याची गोधडी शिवायची, उरल्या चिंध्यांची पायपुसणी करायची, तसंच. बाहेरून अन्न येईनासं झालं की पेशी हे काम जास्त जोरानं करते. या शोधाबद्दल एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, आणि त्यानंतर लोकांच्या मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले. उपास करा, शरीर स्वतःच कॅन्सरची गाठ खाऊन टाकेल, नोबेलवाल्यांनी सांगितलंय. नोबेलवाल्यांनी असं काही सांगितलेलं नव्हतं, पण व्हिडिओला कोण विचारणार?

आमच्या माथुर सरांनी मला कँटीनमध्ये चहाच्या दोन कपांत हे समजावलं होतं. केमोचे डॉक्टर, अतिशय हुशार आणि अतिशय तुटक बोलणारे. म्हणाले, "निरोगी शरीरात ऑटोफॅजी पहारेकरी आहे. कचरा काढते, त्यामुळे कॅन्सर सुरूच होऊ नये यासाठी मदत होते. पण एकदा गाठ झाली की तोच पहारेकरी गाठीच्या नोकरीला लागतो. गाठीच्या आत रक्त नीट पोचत नाही, तिथे कायमची उपासमार असते. गाठ स्वतःचेच भाग खाऊन तग धरते. आपण केमोनं मारलं की त्या मारातूनही ती याच मार्गानं सावरते." म्हणून काही ठिकाणी उलटा प्रयत्न चालू आहे, हे काम बंदच पाडायचा. त्यासाठी मलेरियाची एक जुनी गोळी केमोबरोबर देऊन बघतात. मी विचारलं, "मग गुण येतो का?" सर म्हणाले, "कधी हो, कधी नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही." थोडे दिवस उपास करून केमो घेतला तर काय होतं, यावरही अभ्यास चालू आहेत असं ते म्हणाले, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, पेशंट निवडून. घरच्या घरी करायचा तो प्रयोग नाही.

आता विमलाजींबद्दल सांगते.

विमलाजी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या जयपुरातल्या, जोहरी बाजारामागच्या गल्लीत राहत. जैन घर. यजमान पारसमलजी, तीन पिढ्यांचा पाचूचा धंदा. विमलाजी साठीच्या आतबाहेर, ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, डोक्यावर पदर आणि आवाजात हुकूम. छातीत गाठ होती. मोठी होती, म्हणून आधी केमो देऊन ती लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं माथुर सरांनी ठरवलं होतं. केमो न चुकता झाले तर ऑपरेशन होणार, आणि ऑपरेशन झालं तर बाई वाचण्याची चांगली आशा. चुकले तर कठीण. हे सरांनी नवराबायकोला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना काय काय खायचं ते सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मैडम, खाना मुझे नहीं आता. छोड़ना आता है." पारसमलजींनी अभिमानानं खुलासा केला. विमलाजी दरवर्षी पर्युषणात, जैनांच्या पावसाळ्यातल्या व्रतपर्वात, अठाई करत. अठाई म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही, नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य बुडायच्या आत. शेवटी गल्लीतून वाजतगाजत मिरवणूक निघे, बायका गाणी म्हणत, आणि घरातलं मोठं माणूस आपल्या हातानं भरवून पारणं करवी. तपस्वी बाईला भरवायला मिळणं हे भाग्य मानतात. विमलाजींना भरवायला लोकांची रांग लागायची.

मी म्हटलं, "यंदा सुट्टी घ्या." त्या हसल्या. मला ते हसणं होकारासारखं वाटलं.

पहिले दोन केमो ठीक गेले. तिसऱ्यापासून मला काहीतरी खटकू लागलं. हातातल्या सोन्याच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरत होत्या. अंगठी पडू नये म्हणून तिला आतून लाल दोरा गुंडाळलेला होता. गालाची हाडं वर आली होती. काटा मात्र जागचा हलत नव्हता. मी विचारलं, "जेवण जातंय ना?" पारसमलजीच उत्तर देत, "पूरा, मैडम, पूरा." मला काट्यावरच शंका आली. मी स्वतः चढून पाहिलं, वॉर्डबॉयला चढवलं, दहा किलोचं तांदळाचं पोतं स्वयंपाकघरातून आणून ठेवलं. काटा बरोबर होता. तरी मन मानेना. माणसाचं वजन थोडं खालीवर होतंच. या बाईंचं वजन दर खेपेला तंतोतंत तेच. मी माथुर सरांना बोलले. ते म्हणाले, "काटा बरोबर आहे ना? मग बांगड्यांवर मी औषध ठरवू शकत नाही." त्यांचंही खरं होतं.

चौथ्या केमोनंतर आठ-नऊ दिवसांनी, पर्युषण नुकतंच लागलेलं असताना, विमलाजी तापानं फणफणून दाखल झाल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. अशा वेळी साधा जंतूसुद्धा जीव घेऊ शकतो. सिस्टर त्यांना छातीच्या एक्स-रेसाठी तयार करत होत्या. अंगावर धातू चालत नाही, म्हणून कपडे बदलायला घेतले, आणि सिस्टरनं मला हाक मारली.

साडीच्या आत कमरेला कंदोरा होता. आपण कमरपट्टा म्हणतो तो, पण आपल्याकडचा नाजूक नव्हे. जुन्या घडणीचा, चांदीचा, तळहाताएवढा रुंद. पायात पोटऱ्यांपर्यंत चांदीची कडी, एकावर एक. सगळं काढून आम्ही त्यांना उचललं, तर अंगात काही नव्हतंच बाप्पा. पाठीचा मणका न् मणका मोजून घ्यावा. काढलेली चांदी सिस्टरनं स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, तो ट्रे एका हातानं उचलवेना.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. पारसमलजी बाकावर बसले होते. ट्रे बघितल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"हे तुम्ही केलंत?"

"जी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. व्हिडिओ त्यांनीच बघितला होता, दुकानात, गिऱ्हाईक नसताना. बायकोनं जन्मभर जे तप केलं त्यालाच आता नोबेल मिळालं म्हटल्यावर त्यांचा ऊर भरून आला. दोघांनी मिळून ठरवलं: आठवड्यात काही दिवस निर्जळी नाही पण निराहार, बाकी दिवस एकवेळ, आणि पर्युषणात अठाई. गाठ विरघळणारच. अडचण एकच होती, वजन घटलं की खानेवाली मैडम ओरडेल आणि डॉक्टर उपास बंद करतील. मग या माणसानं दर केमोच्या सकाळी बायकोला घरच्या काट्यावर उभं केलं, जितकं घटलं तितकी चांदी तिजोरीतून काढून अंगावर चढवली. आधी पैंजण, मग कडी, मग कंदोरा. दाखल करतानाही वजन होणार, म्हणून तापातही ते सगळं चढवलं होतं. तीन पिढ्या रत्तीरत्तीनं खडे तोलणारं घराणं. चूक होणारच नव्हती.

मी भयंकर चिडले होते. म्हटलं, "पारसमलजी, दुकानात खडा तोलताना काट्यावर बोट ठेवता का हो?"

"कभी नहीं."

"मग इथे?"

त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "मैडम, मेरे को लगा तीन उपवास और, बस. फिर गाँठ नहीं रहेगी." त्यांच्यावर आणखी ओरडायचं माझ्या जिवावर आलं. बायको वाचावी म्हणूनच त्यानं ते बांधलं होतं, हे दिसत होतं. तिथून मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि तोंड धुतलं.

माथुर सर आले, ट्रे बघितला, कंदोरा हातात उचलून पाहिला. मग म्हणाले, मात्रा थोडी जास्त गेली त्यानं इतकं होत नाही. खरं नुकसान उपासमारीचं. अंगात काही नसताना केमो पडला. खरा काटा दिसला असता तर आपण आधीच थांबलो असतो. आता त्या खातील तर सावरतील, आणि सावरल्या तरच पुढचे केमो. विमलाजींनी मात्र सलाईन चालू ठेवू दिलं आणि तोंड घट्ट मिटलं. रोज सकाळी उठून हात जोडून त्या दिवसाच्या उपासाचा नियम घ्यायचा, अशी त्यांची रीत. तापातही त्यांनी तो घेतला होता. पारसमलजींनी विनवलं, मुलानं बंगळुरूहून फोनवर रडून सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळच्या आधी मी त्यांच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसले. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "मैडम, डाँटने आई हो?"

"नाही. तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही जास्तीत जास्त किती दिवस उपाशी राहिलात?"

डोळे उघडले. "सोलह दिन. एक बार." त्या अवस्थेतही आवाजात थोडा तोरा होताच.

"आणि तुमची गाठ?"

हा प्रश्न त्यांना कळला नाही. मग मी त्यांना माथुर सरांची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्या हिंदीत. गाठीच्या आत पहिल्या दिवसापासून अन्न नाही, पाणी नाही. ती आपलेच तुकडे खाऊन जगायला शिकलेली आहे. तुम्ही सोळा दिवस केले असतील, तिचा जन्मच उपाशी झालाय. म्हटलं, "विमलाजी, उपासात ती तुमच्यापेक्षा सीनियर आहे. तुम्ही तिच्याशी तिच्याच खेळात भिडलात. उपाशी राहण्याच्या पैजेत ती हरायची नाही."

"तो भूखा मरा कौन?"

"तुम्ही. तुमचे दंड, तुमच्या मांड्या, तुमच्या पांढऱ्या पेशी."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी तिकडे तोंड वळवलं. मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तप में कुछ माँगते नहीं. माँगा, तो तप गया. बचपन से सुना है." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मैं तो माँग रही थी. सौदा कर रही थी. जौहरी की बहू हूँ ना."

मी त्यांची चादर नीट केली. जैनांचं शास्त्र मला कळत नाही, आणि कळल्याचा आव आणायची ती वेळ नव्हती. निघताना त्यांनी माझा हात धरला. बोटांत जोर नव्हताच. म्हणाल्या, "सुबह नियम नहीं लूँगी. पर पारणा अपने हाथ से नहीं होता. सास रही नहीं. आप करा दो."

रात्री मी घरी मूग भिजवले. पहाटे त्यांचं पातळ पाणी काढलं, मीठही बेतानंच. फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपेट घातलं तर तेच जिवावर बेततं, म्हणून थोड्यानं सुरुवात. थर्मास घेऊन उजाडता उजाडता हॉस्पिटलच्या गेटवर पोचले, तर गार्डनं अडवलं. "मैडम, उस वार्ड में घर का खाना मना है. आप ही ने तो लिखवाया है." गोष्ट खरी होती. पांढऱ्या पेशी कमी असलेल्यांसाठी बाहेरचं अन्न नको, हा नियम माझाच. मी थर्मास त्याच्या हातात दिला, म्हटलं तूच पी, आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडं उकळत्या पाण्यानं धुऊन पुन्हा मूग शिजवायला ठेवले. मुदपाकातले महाराज कांदेपोह्यांच्या घाईत होते, त्यांनी एक शेगडी मोकळी करून दिली आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिले.

सूर्य वर आल्यावर मी वाटी घेऊन गेले. विमलाजींना उशांच्या आधारानं बसवलं होतं. मी चमचा पुढे केला, तर पारसमलजी हळूच म्हणाले, "पहले साता पूछिए." तपस्व्याला आधी विचारायचं असतं, बरं आहे ना, सुखात आहात ना.

मी विचारलं, "साता है, विमलाजी?"

"है," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

पाच-सहा चमचे गेले. मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी जेवणाबद्दल धन्यवाद दिलेत, पण भरवायला मिळालं म्हणून आपणच धन्यवाद द्यावेत असं मला वाटलं ते तेवढंच एकदा. पारसमलजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी आपणहून हात जोडले.

त्या सावरल्या. केमो तीन आठवडे पुढे ढकलला गेला, पण पूर्ण झाला. पुढच्या प्रत्येक खेपेला त्या माझ्या दारात आल्या की आधी बांगड्या काढायच्या, मग अंगठी, मग कानातलं. पारसमलजी रुमाल पसरून सगळं गोळा करायचे. एकदा त्या काट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "मैडम, चश्मा भी उतारूँ?" पारसमलजी वाकून आकडा वाचायचे, दुकानात वाचतात तसाच, श्वास रोखून. पाव किलो वाढलं तरी त्यांचा चेहरा खुलायचा. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात जैन पेशंटांसाठी सूर्यास्ताच्या आधी येणारी जेवणाची वेगळी गाडी मी त्याच वर्षी भांडून सुरू करवली. ती अजून चालू आहे, असं ऐकते.

चार वर्षं त्या चांगल्या राहिल्या. पर्युषणात मला घरी बोलवत. गल्लीतल्या तरुण मुली अठाई करत आणि विमलाजी त्यांच्यासमोर बसून दुपारचं जेवत. मला म्हणाल्या होत्या, "इतने लोगों के बीच खाना बहुत कठिन है, मैडम." मग रोग यकृतात परत आला आणि त्या गेल्या. ते उपास झाले नसते तर त्या आणखी जगल्या असत्या का, हे मी माथुर सरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मला ते अजून टोचतं.

जयपूरला माणूस गेलं की घरचे काहीतरी दान करतात. आमचं हॉस्पिटल अशा दानांनी भरलेलं आहे. पंखे, बाकडी, थंड पाण्याच्या मशिनी, प्रत्येकावर नाव. माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी पारसमलजी आले. बरोबर टेम्पो. त्यातून नवा वजनकाटा उतरवला, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यांनी स्वतः तो माझ्या दारात लावून घेतला, पाणसळ ठेवून पातळी तपासली, आणि नमस्कार करून गेले.

काट्याच्या खांबावर पितळी पाटी होती. 'श्रीमती विमला देवी की पुण्य स्मृति में सप्रेम भेंट.' त्याच्या खाली, जिथे इतर लोक आपलं आणि दुकानाचं नाव घालतात, तिथे एकच ओळ कोरलेली होती: 'कृपया गहने उतारकर तुलें.'

परवा जुन्या लोकांना भेटायला गेले होते. माझ्या खोलीत आता एक नवी मुलगी बसते, हुशार वाटली. तिनं विचारलं, "मैडम, ये नीचे ऐसा क्यों लिखा है? सब पूछते हैं."

मी म्हटलं, "बाई, लिहिलंय ना? मग उतरवून घेत जा."